मधुमेह : न दुखणारा रोग आणि पायांची निगा

शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा रुतला, तर तो लगेच थांबतो, काटा काढतो आणि मगच पुढच्या कामाला लागतो. वेदना ही अशी शरीराची राखण करीत असते. मधुमेहात ही राखणच हळूहळू नाहीशी होते. म्हणून 'काही दुखत नाही, तेव्हा मी निरोगी आहे' ही समजूत या रोगाच्या बाबतीत घातक ठरते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेही प्रौढांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष असून, गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आढळले. चार प्रौढांमागे एक, असा याचा सोपा अर्थ होय.

रोगाचे स्वरूप

भात, पोळी, पाव अशा पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर साखरेत रूपांतर होऊन ती रक्तात मिसळते. स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्शुलिनमुळे ती पेशींना वापरता येते. इन्शुलिन अपुरे पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, की साखर रक्तात साचते. आनुवंशिकता, पोटावरील चरबी आणि बैठे जीवन ही प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाची प्रमुख कारणे आहेत. चहात साखर न घेणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो, तो यामुळेच.

वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिल्यास डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय व मज्जातंतू यांना इजा पोहोचते. मज्जातंतू निकामी झाले, की पाय बधिर होतात. मग चपलेतला खडा जाणवत नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीने आलेला फोडही कळत नाही. रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे जखम भरत नाही, ती चिघळते आणि शेवटी पाय कापण्याची पाळी येऊ शकते.

तपासणी व आहारविहार

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असणे योग्य. १०० ते १२५ ही रोगाची पूर्वावस्था, तर १२६ किंवा अधिक प्रमाण पुन्हा तपासणीत आढळल्यास मधुमेह समजावा. पूर्वावस्थेतून परत फिरता येते. चेन्नई येथील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायाम यांमुळे अशा लोकांचा धोका तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला.

यासाठी महाग पदार्थांची गरज नाही. ताटातील भात कमी करून तांबडी भाजी, कुळीथ, मूग व मासळी वाढवावी. मासळी तळण्यापेक्षा कालवणात घालावी. उकडा तांदूळ असला तरी तो मोजूनच खावा. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चालावे. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. झाडपाल्याच्या भरवशावर इन्शुलिन किंवा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. औषध चालू असताना घाम, थरथर व घाबरेपणा जाणवल्यास ताबडतोब साखर खावी व नंतर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पायांची निगा

मधुमेही व्यक्तीने रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. नजर अधू असल्यास घरातील मुलाने पाहावे. पाय धुऊन कोरडे करावेत, अनवाणी फिरू नये. पाणी किती कढत आहे ते पायाने न पाहता कोपराने पाहावे. कुरूप ब्लेडने कापू नये. लहानशी जखमही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघर पोहोचवावी आणि पंचायतींनी तपासणीच्या दिवशी वृद्धांना केंद्रापर्यंत आणण्याची व्यवस्था करावी. वेदना सांगत नाही ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे. रोजची ही दोन मिनिटे उद्याचा पाय वाचवू शकतात.