घेवड्याच्या वेलाला दिशा कोण दाखवतो?

तुमच्या ताटातली फरसबी म्हणजेच श्रावणघेवडा. मूळचा अमेरिका खंडातला. कोवळी शेंग चिरली की भाजी होते. याच जातीच्या काही वाणांच्या पक्व बिया म्हणजे राजमा. घेवड्याचे बुटके आणि वेलीचे असे दोन प्रकार असतात. आपण वेलीचा घेऊ.

वेलाचे कोवळे टोक हवेत सावकाश वर्तुळ काढीत असते. चार्ल्स डार्विनने १८६५ साली नोंदवले, की एका फेरीला सुमारे दोन तास लागतात. वाटेत काठी आली की टेकलेला भाग थांबतो, वरचा फिरतच राहतो आणि वेढा बसतो.

वरून पाहिल्यास हे टोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. उजव्या हाताचा अंगठा वर धरा. बोटे ज्या दिशेने वळतात त्या दिशेने वेल चढतो. नेहमीच्या स्क्रूचे आटेही असेच असतात.

असे का? 'सूर्यामुळे', असे कोणी म्हणेल. हे तपासता येते. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणजे त्याच्या फिरण्याची दिशा आपल्या उलट दिसते. सूर्य कारण असता, तर तिथले वेल उलटे चढले असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन्ही गोलार्धांतले वेल पाहिले. शेकडा ९२ उजव्या पिळाचेच निघाले! म्हणजे दिशा आकाशातून नव्हे, अनुवंशातून येते.

आता प्रयोग करा. कुंडीत वेलघेवड्याच्या तीन बिया दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. वेल लांबू लागला की शेजारी काठी रोवा. टोकाची दिशा दर पंधरा मिनिटांनी वहीत नोंदवा. नंतर एक वेल अलगद सोडवून उलटा गुंडाळा व सैल बांधा. नवी वाढ कोणत्या दिशेने वळते?

एक सूचना: पेरणीच्या बियांना औषध लावलेले असते, त्या तोंडात घालू नका. घेवड्याचे कच्चे दाणेही खाऊ नयेत. त्यांतील लेक्टिन या प्रथिनाने उलट्या होतात. भिजवलेला राजमा पाणी बदलून चांगला खळखळून उकळला, की ते निकामी होते. नुसत्या कोमट आचेवर होत नाही.

जाता जाता एक कोडे. दोडक्याचा तणावा आधाराला पकडल्यावर मध्येच पिळाची दिशा बदलतो. दोन्ही टोके बांधलेल्या दोरीला पीळ देऊन पहा, उत्तर सापडेल.