आडवा धक्का आणि वाढणारी चाल

माहूरच्या गडावरून घाटाने उतरणारी गाडी आपण पाहिली असेल. वळणावर रस्ता चाकांना आतल्या बाजूस, म्हणजे गतीच्या दिशेशी काटकोनात, बल लावतो. त्या बलाने गाडीची दिशा बदलते, चाल वाढत नाही.

‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकीय खेळात मात्र आडवे रेटूनच चाल वाढते! खेळाडूंनी त्यासाठी तिरक्या फळ्यांचे मार्ग रचले आहेत. त्यांवरून घसरत जाण्यास ते ‘सर्फिंग’ म्हणतात, आणि मार्ग पार करण्याचे विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. मग पुस्तक चूक की खेळ?

फळीचा उतार सुमारे ४५.६ अंशांहून (कोटिज्या ०.७) तीव्र असला, की संगणक खेळाडूला हवेतच धरतो, म्हणून घर्षण शून्य. हवेतला नियम १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळापासून चालत आला आहे. ज्या दिशेची कळ दाबली, त्या दिशेतील वेगाचा घटक ३० एककांपर्यंतच वाढू द्यायचा. मर्यादा घटकाला आहे, एकूण चालीला नाही. खरी मेख इथेच आहे! वेगाशी काटकोनात रेटले, तर त्या दिशेतील घटक शून्य असतो आणि ३० एकके पुरती पदरात पडतात.

समजा, चाल ४०० आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने नवी चाल √(४००² + ३०²), म्हणजे सुमारे ४०१. वाढ क्षुल्लक वाटते. पण संगणक सेकंदाचे १०० तुकडे पाडतो, आणि पट्टीचा खेळाडू माऊस फिरवीत दर तुकड्याला काटकोन साधतो. चालीच्या वर्गात दर वेळी ९०० मिळवा: १,६०,००० + ९०,००० = २,५०,०००. एका सेकंदात चाल ५००!

आता धक्के लहान करू. १५ एककांचे २०० धक्के दिले तर चाल ४५३ होते. ३ एककांचे १००० दिले तर ४११. निसर्गात काळ सलग वाहतो. तुकडे अनंत झाले की वाढ शून्यावर येते, आणि घाटातली गाडी पुस्तकाप्रमाणेच वळते. (खेळात तुकडे २०० केले तरी धक्का ३० चाच राहतो व चाल ५८३ होते. म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांवरचे विक्रम एका रांगेत मांडू नयेत.)

कमावलेली चाल टिकवणे त्याहून कठीण. फळीवर टेकताना तिच्याशी काटकोनातला घटक संगणक पुसून टाकतो. फळीशी १० अंशांचा कोन झाला तर चालीचा दीड टक्का जातो, ३० अंशांचा झाला तर १३ टक्के. २० अंशांसाठी हा आकडा वहीत काढून पाहा. कोटिज्येचा तक्ता पुरेल.