कसबा, ४११०११ आणि पोस्टग्रेसचा चुकणारा अंदाज

पोस्टग्रेस हा डेटाबेस कुणा एकाच्या मालकीचा नाही. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला. त्यात एसक्यूएल घातलं ते १९९४ च्या सुमारास अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी. आज त्याचा सोर्स कोड कुणीही उतरवून घेऊ शकतं, वाचू शकतं, बदल सुचवू शकतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून मी त्याच्या ऑप्टिमायझरमध्ये एक बदल व्हावा म्हणून धडपडते आहे, कसबा पेठेतल्या आमच्या घरातून. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे अनुभवाचे बोल.

१. कोडच्या आधी अंदाज बघा.

एसक्यूएलमध्ये आपण काय हवं ते सांगतो. ते कसं आणायचं हे ऑप्टिमायझर ठरवतो. इंडेक्स वापरायचा की सगळं टेबल वाचायचं, कोणतं टेबल आधी जोडायचं, जॉइन नेस्टेड लूपने करायचा की हॅशने. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आजही पोस्टग्रेसच्या मुळाशी आहे: शक्य त्या मार्गांचा खर्च काढायचा आणि सगळ्यांत स्वस्त मार्ग घ्यायचा. हा खर्च मात्र उभा असतो तो किती ओळी हाती लागतील या अंदाजावर.

सरावासाठी मी पुण्यातल्या पत्त्यांचं दहा लाख ओळींचं टेबल तयार केलं. त्यात पेठ ‘कसबा’ असलेल्या ओळी शंभरात एक, आणि पिनकोड ४११०११ असलेल्या शंभरात दोन. कारण हा पिन कसब्यासारखाच रास्ता पेठेलाही आहे आणि सोमवार पेठेलाही. आता दोन्ही अटी एकत्र घाला. या दोन कॉलमांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं पोस्टग्रेस धरून चालतो आणि दोन्ही प्रमाणांचा सरळ गुणाकार करतो. उत्तर येतं २०० ओळी. प्रत्यक्षात माझ्या टेबलात कसब्यातला प्रत्येक पत्ता ४११०११ चाच आहे, त्यामुळे ओळी निघतात १०,०००. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ चालवलं की अंदाजाचा आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी दिसतात. या पत्त्यांना बिलांचं टेबल जोडलं, तर दोनशे ओळींच्या भरवशावर नेस्टेड लूप निवडला जातो, आणि बिलांच्या टेबलात दोनशेच्या जागी दहा हजार फेऱ्या होतात. पुढे आणखी दोन टेबलं जोडली की ही तफावत वाढतच जाते.

नवख्या माणसाचा हात आधी खर्चाच्या आकड्यांकडे जातो. डिस्कवरचं एक पान ओळीने वाचलं तर खर्च १ आणि इकडून तिकडून वाचलं तर ४, असे पोस्टग्रेसचे मूळ आकडे आहेत, आणि ते बदलून बघणं सोपं असतं. पण व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आयएमडीबीच्या चित्रपटांच्या माहितीवर ११३ क्वेरी चालवून दाखवलं की खरं नुकसान होतं ते ओळींच्या चुकीच्या अंदाजांमुळे. खर्चाच्या सूत्रांचा वाटा त्या मानाने फार कमी. मी तरी या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो निबंध सगळ्यात आधी वाचायला सांगेन.

२. प्रत्येक सुधारणेची हरणारी क्वेरी असते. ती तुम्हीच शोधा.

वरच्या दुखण्यावर २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये औषध आलं. ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा देऊन पेठ आणि पिन एकमेकांवर किती अवलंबून आहेत ते मोजून ठेवायला सांगता येतं. मग ‘ॲनालाइझ’ केलं की तोच अंदाज २०० वरून दहा हजारांच्या आसपास येतो.

आता अट थोडी बदला: पेठ ‘कसबा’, पण पिन ४११०३०. हा पिन सदाशिव पेठेचा. असा पत्ता टेबलात नाहीच, म्हणजे ओळी शून्य. पण अवलंबित्वाची आकडेवारी दोन्ही अटी एकमेकींशी सुसंगत आहेत असं गृहीत धरते, त्यामुळे तिच्या लेखी इथेही हजारो ओळी निघतात. इथे जुना, भाबडा गुणाकार सत्याच्या जास्त जवळ होता! ही मर्यादा पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे. आपल्याच कामाची उणी बाजू इतक्या सरळपणे मांडणाऱ्या त्या पानाबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे २०१९ च्या आवृत्ती १२ मध्ये कॉलमांच्या जोड्यांतल्या वारंवार येणाऱ्या मूल्यांची यादी ठेवायची सोय झाली आणि हे पुष्कळसं सावरलं.

जिंकणाऱ्या क्वेरींचा तक्ता प्रस्तावात सगळेच देतात. तुमच्या बदलाने हळू झालेल्या क्वेरींचा तक्ता त्याच्याही वर द्या. पोस्टग्रेसवर जगभरातली रुग्णालयं, बँका, सरकारी खाती चालतात. आवृत्ती बदलली आणि कालपर्यंत पटकन येणारा अहवाल आज तासभर अडकला, तर तिथल्या माणसाला बाकीच्या हजार क्वेरी सुधारल्याचं काय कौतुक? तपासणारे लोक कडक वागतात ते या माणसासाठी, आणि त्यांनी तसंच वागावं असं मला वाटतं.

३. मागणं लहान ठेवा.

ही जोडीची आकडेवारी एका टेबलावरच्या अटींना उपयोगी पडते; दोन टेबलांच्या जॉइनचा अंदाज काढताना ती वापरली जात नाही. पत्त्यांचं टेबल आणि डिलिव्हरीचं टेबल पेठ व पिन या दोन्ही कॉलमांवर जोडलं, की पुन्हा तोच गुणाकार, तीच तफावत. हा प्रश्न आख्खा सोडवायचा तर कामाला अंत नाही. म्हणून मी मागितलं ते एवढंच: जॉइन फक्त समानतेचा असेल आणि दोन्ही टेबलांवर त्याच कॉलमांच्या वेगवेगळ्या जोड्या किती आहेत हे आधीच मोजलेलं असेल, तर तो आकडा वापरावा. बाकी सगळीकडे आज चालतं तसंच चालू द्यावं.

या आकडेवारीचा इतिहासच पायरीपायरीचा आहे. तोमाश वोंद्रा आणि सहकाऱ्यांनी आवृत्ती १० मध्ये पाया घातला, १२ मध्ये मूल्यांच्या याद्या आल्या, १३ मध्ये ‘ऑर’ आणि ‘इन’च्या अटी, १४ मध्ये कॉलमांऐवजी पदावल्याही चालू लागल्या. विद्यार्थ्याने केलेल्या कामाचं उदाहरण हवं असेल तर यान उर्बान्स्की याचं घ्या. २००८ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये त्याने एकच गोष्ट हाती घेतली: मजकुरातल्या शब्दशोधाला किती ओळी सापडतील याचा अंदाज सुधारायचा. ते काम आवृत्ती ८.४ मध्ये लागलं.

४. प्लॅन करायलाही वेळ लागतो.

दहा टेबलं एकामागे एक जोडायचे क्रम ३६,२८,८०० होतात. पोस्टग्रेस ते सगळे एकेक करून तपासत नाही; लहान जोडण्यांची उत्तरं साठवून त्यांवरून मोठ्या जोडण्या बांधतो, आणि टेबलं बारा किंवा जास्त झाली की जेनेटिक अल्गोरिदमकडे वळतो. तरीही ऑप्टिमायझरमध्ये घातलेली प्रत्येक नवी तपासणी या सगळ्या जोडण्यांमागे पुन्हा पुन्हा चालते. तिचा भुर्दंड तिच्याशी काडीचा संबंध नसलेल्या क्वेरीलाही पडू शकतो.

आशुतोष बापट यांचं पार्टिशनवाइज जॉइनचं काम २०१८ च्या आवृत्ती ११ मध्ये आलं; जीवन चाळके यांचं नाव त्याच आवृत्तीतल्या पार्टिशनवाइज ॲग्रिगेशनशी जोडलेलं आहे. सारखे तुकडे पाडलेली दोन मोठी टेबलं आख्खी न जोडता तुकड्याला तुकडा जोडायचा, ही पार्टिशनवाइज जॉइनमागची कल्पना. इतकं उपयुक्त काम, पण ते मुळात बंद ठेवलेलं असतं आणि ज्याला हवं त्याने चालू करायचं, कारण त्यासाठी प्लॅन करताना वेळ आणि मेमरी दोन्ही बरीच जास्त लागतात. ही नावं वाचली तेव्हा माझी भीड चेपली, हे मी मुद्दाम नोंदवते.

माझ्या प्रस्तावावर पहिला प्रश्न याच दिशेने आला: ज्यांच्याकडे अशी आकडेवारीच नाही, त्यांच्या प्लॅनिंगचा वेळ किती वाढतो? प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरासाठी मी ‘ॲनालाइझ’ न लावता नुसतं ‘एक्सप्लेन’ हजारो वेळा चालवणारी स्क्रिप्ट लिहिली. त्यातून दिसलं की आकडेवारी आहे की नाही हे प्रत्येक जोडीमागे विचारण्यापेक्षा टेबलामागे एकदा विचारून ठेवलं तर वाढ जवळजवळ दिसेनाशी होते. पॅचचा आकार त्याने बदलला, आणि पॅच सुधारला.

५. मोजताना यंत्राकडेही लक्ष असू द्या.

लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. बॅटरीवर प्रोसेसर वेग कमी करतो. पहिल्या धावेत डेटा डिस्कवरून येतो, पुढच्या धावांत मेमरीतून, म्हणून पहिली धाव वेगळी धरा आणि उरलेल्यांची सरासरी काढण्याऐवजी मधला आकडा घ्या. पॅरलल वर्कर आणि जिट कंपायलेशन बंद करून एकदा, चालू ठेवून एकदा, असं दोनदा मोजा. एप्रिलच्या दुपारी आमच्या वरच्या खोलीत लॅपटॉप इतका तापतो की आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. मी मोजणी पहाटे करते, तांबट आळीतले ठोके सुरू व्हायच्या आत.

६. रिग्रेशन टेस्टमधले बदललेले प्लॅन एकेक वाचा.

‘मेक चेक’ लाल झालं म्हणून अपेक्षित उत्तरांची फाइल डोळे मिटून बदलू नका. बदललेला प्लॅन का बदलला हे दोन ओळींत सांगता आलं, तरच तो बदल ठेवा.

७. स्वतःच्या पॅचआधी दुसऱ्याचा पॅच तपासा.

पोस्टग्रेसमध्ये कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासण्याच्या फेऱ्या, असतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. जो पॅच देतो त्याने साधारण तेवढ्याच अवघड दुसऱ्या पॅचचा रिव्ह्यू करावा असा तिथला रिवाज आहे. विद्यार्थ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. पॅच लावायचा, बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या, मग आपल्याजवळच्या टेबलांवर तो अडखळतो का ते बघायचं आणि जे दिसलं ते आकड्यांसह लिहायचं. कॉलेजात कोर्थ, सिल्बरशॅट्झ आणि आयआयटी मुंबईचे सुदर्शन यांच्या पुस्तकातून क्वेरी ऑप्टिमायझेशनचं प्रकरण झालेलं असतंच. त्याच्या जोडीला कोडमधली ऑप्टिमायझरची ‘रीडमी’ फाइल घेऊन बसलं की बहुतेक पॅचचा हेतू कळू लागतो. मोठा नवा पॅच मार्चमध्ये पहिल्यांदा पुढे आणू नये, कारण एप्रिलमध्ये त्या वर्षाच्या आवृत्तीची दारं बंद होतात आणि तेव्हा सगळ्यांचे हात भरलेले असतात. जुलैची फेरी चांगली. मी माझा पॅच पुन्हा जुलैमध्येच ठेवणार आहे. तोवर तीन कॉलमांवरच्या जॉइनमध्ये तो कुठे हरतो, ते शोधून त्याचा तक्ता करायचा आहे.