साखळी ढिली का ठेवायची?

मोटारसायकलची साखळी ताठ असली म्हणजे उत्तम, असे पुष्कळांना वाटते. घरी पाना हाती घेण्यापूर्वी ही समजूत तपासून पाहू.

मागचे चाक एका दांड्याच्या टोकाशी असते. दांड्याचे दुसरे टोक चौकटीला बिजागरीसारखे जोडलेले असते. ही बिजागरी पुढच्या दातेरी चक्राच्या किंचित मागे असते. कागदावर पुढच्या चक्राचा मध्य, बिजागरी आणि मागचा आस असे तीन बिंदू काढा. तिन्ही एका रेषेत आले, की पहिल्या व तिसऱ्या बिंदूंतील अंतर सर्वांत जास्त भरते. रिकाम्या गाडीचा आस सामान्यतः रेषेच्या खाली असतो; दोघे बसले व खड्डा आला, की तो रेषेत येतो. तेव्हा साखळीत ढील उरली नसेल, तर गिअरपेटीच्या बेअरिंगवर भलताच ताण येतो. साखळी तुटून चाक अडकणे तर जिवावरचे!

बऱ्याच लहान गाड्यांत ही ढील २० ते ३० मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्या. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी खालची साखळी मध्यावर वर-खाली करून पाहा. सर्वांत घट्ट जागेचे माप धरा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. साखळी ‘लांबते’ ती पोलाद ताणल्यामुळे नव्हे, तर कड्यांच्या पिना झिजल्यामुळे. शंभर सांध्यांत प्रत्येकी ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे १० मिलिमीटर!

आस मागे सरकवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नट पक्का आवळा. दांडीचा ब्रेक असेल तर तोही पुन्हा जुळवावा लागतो.