चुकीला तिचे नाव द्यावे

दिलेला मजकूर व्याकरणनियमांत बसतो की नाही, हे तपासणाऱ्या आज्ञावलीस पार्सर म्हणतात. नियम लिहून दिल्यास पार्सर आपोआप तयार करणारी साधनेही आहेत. त्यांपैकी ‘बायसन’ चूक आढळताच एरवी केवळ ‘सिंटॅक्स एरर’ म्हणते. वहीवर नुसती फुली मारली, तर विद्यार्थ्याने काय शिकावे?

पायथनमधील ‘लार्क’ या साधनात आपण चुकांचे स्वतंत्र वर्ग करू शकतो. जेसन पद्धतीच्या याद्या पाहू: ["गहू" "ज्वारी"] हीत स्वल्पविराम राहिला, ["गहू" हीत कंस मिटला नाही. प्रथम ‘सिंटॅक्सएरर’पासून एक सामान्य वर्ग घ्यावा, त्याखाली या दोन चुकांचे उपवर्ग करावेत. प्रत्येकास चुकीचे नमुने जोडून ते ‘मॅच_एक्झाम्पल्स’ला द्यावेत. पार्सर ज्या अवस्थेत अडला, त्याच अवस्थेत अडणारा नमुना शोधून ते त्याचा वर्ग कळवते. वरील दोन्ही चुका एकाच अवस्थेत अडू शकतात. म्हणून अडलेल्या चिन्हाचा प्रकारही जुळवण्याचा पर्याय चालू ठेवावा.

मग ओळ व स्तंभ दाखवून आपण तो वर्ग वापरतो. काहीच न जुळल्यास सामान्य वर्ग वापरावा आणि ती चूक नवा नमुना म्हणून टिपून ठेवावी. विद्यार्थ्यांच्या खऱ्या चुकांतूनच ही यादी वाढते.