बॅकअपची लाइन कोण उठवतंय?

ज्या महिन्यात लीज्ड लाइन धड चालली, नेमकं त्याच महिन्याचं आयएसडीएनचं बिल अवाच्या सवा आलं. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. एका सहकारी बँकेच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाखा ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनने मुख्य कार्यालयाला जोडलेल्या होत्या. लाइन पडली की राऊटरने आपणहून आयएसडीएनवर कॉल लावायचा, ती परत आली की कॉल सोडायचा, अशी सोय केलेली. देखभाल माझ्याकडे होती. मॅनेजरसाहेबांना वाटलं, बिलात घोळ आहे. बिल बरोबर होतं. राऊटरच दिवसरात्र कॉल धरून बसला होता.

अशा वेळी बहुतेक जण कॉन्फिगरेशन उघडून ओळ न् ओळ वाचत बसतात. माझं सांगणं असं, की आधी राऊटरलाच विचारा, बाबा रे, तू फोन कशासाठी लावलास? ‘डीबग डायलर’ चालू करून थोडा वेळ थांबलं की तो कारण सांगतो. आमच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच पत्ता उमटत होता: २२४.०.०.५. हा पत्ता कुठल्या कॉम्प्युटरचा नाही. ओएसपीएफ हा वाटा शिकवणारा प्रोटोकॉल चालवणारे राऊटर ‘मी आहे, तू आहेस ना?’ असं एकमेकांना विचारतात ते याच पत्त्यावर, आणि अशा लाइनवर दर १० सेकंदांनी विचारतात; हाच त्यांचा ‘हॅलो’. कॉल तुटायला १२० सेकंदांची शांतता लागत होती. डायलरच्या यादीत मात्र सगळीच आयपी वाहतूक महत्त्वाची धरलेली, त्यामुळे हा हॅलोही महत्त्वाचा ठरत होता. शांतता मिळणार कुठून?

मग हॅलो त्या यादीतून वगळला. फोन गप्प झाला, पण खरोखर लाइन पडली तेव्हाही गप्पच राहिला. ४० सेकंद हॅलो आला नाही की ओएसपीएफ शेजाऱ्याला मेलेला धरतो आणि त्याच्याकडून शिकलेल्या वाटा पुसून टाकतो. वाट कळायला लाइन उघडी हवी, लाइन उघडायला पॅकेट निघायला हवं, आणि पॅकेट निघायला वाट ठाऊक हवी. डायल-अपवर डायनॅमिक राऊटिंग चालवणारा माणूस कधी ना कधी या चक्रात सापडतोच.

यातून सुटायचा सरळ उपाय म्हणजे हाताने लिहिलेला राखीव मार्ग. ओएसपीएफच्या वाटेचा आकडा ११०, तर या मार्गाला २०० द्यायचा. आकडा मोठा, मान कमी. ओएसपीएफची वाट आहे तोवर हा मार्ग टेबलात दिसतच नाही. ती गेली की वर येतो. लहान शाखांसाठी मी आजही हाच उपाय सुचवीन. फक्त तो दोन्ही टोकांना लिहा. शाखेत लिहिला आणि मुख्य कार्यालयात लिहायचा राहिला, तर पॅकेट जातं पण उत्तराला परतीची वाट नसते. त्यात फसवणूक अशी, की राऊटरवरून पिंग केलं तर ते व्यवस्थित चालतं, कारण ते डायलरच्या स्वतःच्या पत्त्यावरून निघतं. काउंटरवरचा क्लार्क मात्र पासबुक हातात धरून बसलेला. म्हणून पिंग नेहमी शाखेच्या लॅनच्या पत्त्यावरून करून बघा.

ओएसपीएफमध्ये खास अशा लाइनसाठी ‘डिमांड सर्किट’ची सोय आहे, १९९५ च्या आरएफसी १७९३ मध्ये ती सांगितली आहे. सुरुवातीला एकदा ओळख झाली की पुढे हॅलो बंद आणि ठरावीक वेळाने होणारी उजळणीही बंद. आम्ही ती लावली, आणि बदलापूरला लोडशेडिंग झालं की अंबरनाथचा फोन वाजायला लागला! कारण सगळ्या शाखा ओएसपीएफच्या एकाच एरियात होत्या. बदलापूरच्या शाखेचा यूपीएस दम सोडायचा, स्विच बंद पडायचा, राऊटरचा लॅन पोर्ट खाली जायचा. एरियात बदल झाला म्हणजे तो सगळ्यांना कळवणं आलं, आणि कळवायला कॉल आला. वीज परत आली की पुन्हा तेच. त्या वर्षांत इथे लोडशेडिंग कसं असायचं ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक शाखेला वेगळा टोटली स्टबी एरिया, म्हणजे बाहेरून फक्त डीफॉल्ट वाट घेणारा, दिला तेव्हा कुठे हे थांबलं. दुसऱ्या एका ठिकाणी कॉल जोडला की पलीकडच्या टोकाची वाट टेबलात शिरायची, तुटला की निघायची, आणि हा बदल कळवायला पुन्हा कॉल लागायचा. ती आपोआप शिरणारी वाट बंद केल्यावर प्रश्न मिटला.

इतकं सगळं जमलं तरी २६ जुलै २००५ ला काही उपयोग झाला नाही. उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या चढल्या, आणि एका शाखेची लीज्ड लाइन व आयएसडीएन एकदमच मेली. दोन्हींच्या जोड्या एकाच केबलमधून, एकाच जॉइंटमधून येत होत्या. राऊटरच्या लेखी दोन वाटा होत्या, जमिनीत एकच. तेव्हापासून नवीन जागा बघताना मी लाइनमनला सोबत घेऊन केबल कुठून येते ते चालत जाऊन बघतो. रस्ता खणला गेला तर दोन्ही लाइनी जातील का, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता आयएसडीएन गेलं, फायबर आलं आणि बॅकअपला फोरजीचं सिम आलं. दुखणं तेच आहे. फोरजीवरून काढलेल्या टनेलवरचे हॅलो महिनाभर गुपचूप डेटा खात राहतात. आणि फायबर रस्त्यात तुटलं तरी आपल्या भिंतीवरच्या डब्याचा दिवा हिरवाच असतो, राऊटरचा पोर्ट वरच राहतो, म्हणून फोरजी उठत नाही. त्यासाठी मुख्य लाइनवरून पलीकडच्या टोकाच्या पत्त्याला सतत पिंग करून, उत्तर थांबलं तरच वाट बदलायला राऊटरला शिकवावं लागतं. चाचणी घेताना राऊटरची केबल उपटू नका; त्याने पोर्ट लगेच खाली जातो आणि सगळं छान चालल्याचं दिसतं. डब्याच्या मागचं फायबर काढा. अंबरनाथ एमआयडीसीत शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते, तेव्हा हे करता येतं. फोरजी उठला की फायबर परत लावा आणि तो आपणहून झोपतो का, तेही तिथेच थांबून बघा.