रिव्हर्सची तयारी पुढे जातानाच

चि. भाच्यास,


गळीत हंगाम सुरू झाला की रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यापासून साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यापर्यंत रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. मागे दोन-दोन ट्रॉल्या. कराड-वाळव्याकडचा ड्रायव्हर ही माळ पुढे नेण्यात पटाईत असतो. त्याचा कस लागतो तो मागे घेताना. तू आता ट्रॅक्टर सोडून ४० फुटी ट्रेलरवर बसणार, म्हणून हे सविस्तर.

दोन चाकी ट्रॉली आणि ट्रेलर, दोन्हींना सांधा एकच. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचं टोक डावीकडे जातं. नवखा इथंच गोंधळतो. जाणता उस्ताद त्याला स्टेअरिंग खालच्या बाजूनं धरायला लावतो. मग हात जिकडे सरकेल तिकडेच टोक जातं. चार चाकी ट्रॉलीला मात्र दांडीचा एक आणि पुढच्या फिरत्या आसाचा एक असे दोन सांधे असतात, तिथं हाच हिशेब उलटतो. आणि अशा दोन ट्रॉल्या असतील, तर शहाणा ड्रायव्हर हट्टाला पेटत नाही. चाकांना दगड लावून पिन काढतो, मागची ट्रॉली सोडतो.

आखूड ट्रॉली चटकन वळते. लांब ट्रेलर उशिरा ऐकतो, पण एकदा बाक धरला की तो वाढतच जातो. म्हणून स्टेअरिंग थोडंच फिरवायचं, वेग चालण्याहून कमी ठेवायचा आणि हवा तेवढा बाक येण्याआधीच उलट फिरवून पुढचा घोडा, म्हणजे ओढणारी केबिनची गाडी, ट्रेलरच्या मागोमाग न्यायचा. हे चुकलं की दोन्ही एकमेकांवर दुमडतात, केबिनचा कोपरा ट्रेलरला भिडतो, हवेचे पाइप ताणले जातात. मग मागे रेटून काही सुटत नाही. पुढे घेऊन सरळ करायचं. त्यात कमीपणा मुळीच नाही. चांगले ड्रायव्हर ते बेधडक करतात.

खरं काम त्याआधीच होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाला गाडी लावायची असो की १९१० पासून चालू असलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंप भरायचे असोत, ड्रायव्हर बसतो उजवीकडे, त्यामुळे वळण उजव्या अंगाला येईल असं धरावं. जिथं लागायचं ते दार उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, मग घोडा डावीकडे काढायचा. ट्रेलरची शेपटी आपसूक दाराकडे वळते आणि खिडकीतून सगळं दिसतं. डाव्या अंगाला वळलास तर ट्रेलरच आरसा झाकतो. आवारात जागा असेल तर फेरा मारून दुसऱ्या बाजूनं यावं.

गाडीतून उतरून जागा बघितल्याशिवाय मागे घेऊ नकोस. गटाराची कड, पत्र्याची वळचण, लोंबणारी वायर. ठोसेघरच्या वाटेनं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीची पाती नेणाऱ्यांना तर हे दुप्पट बघावं लागतं, कारण पात्याचं टोक मागच्या चाकांच्याही बरंच मागे असतं आणि वळताना बाहेरच्या बाजूला झाडतं.

क्लीनरला उजव्या आरशात दिसेल असाच उभा कर, ट्रेलर आणि भिंतीच्या मधे कधीही नको. हाताच्या खुणा आधी ठरवा. रात्री कारखान्याच्या केन यार्डात इतक्या इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या हातात बॅटरी दे. तो आरशातून दिसेनासा झाला, की त्याच क्षणी ब्रेक.

तुझा,
मामा